हिरशचा ग्रिगोरी कसा झाला: सोव्हिएत सैन्यातल्या ज्यू सैनिकांचे कागद वाचताना

ताई, तुम्ही सुनेच्या पणजोबांच्या मेडलांचे आणि कागदांचे फोटो पाठवून तीन प्रश्न विचारलेत. आधी मेडलांचं सांगतो कारण त्यांचे फोटो चांगले आलेत. ज्याच्यावर वर तीन विमानं, खाली रणगाडा आणि मधे लाल अक्षरं आहेत ते 'झा ओत्वागू', म्हणजे 'शौर्यासाठी'. दुसरं पिवळसर, ज्यावर स्टालिनचा चेहरा आहे आणि काळी-नारिंगी पट्ट्यांची रिबन आहे, ते 'जर्मनीवरच्या विजयासाठी'. हे दुसरं जवळपास दीड कोटी लोकांना दिलं गेलं, त्यात आघाडीवरचे होते तसे मागचे ड्रायव्हर, स्टोअरकीपर, हॉस्पिटलवालेही होते, त्यामुळे त्याच्यावरून काही कळत नाही. पहिल्याचं मात्र तसं नाही. ते ऑफिसात बसून मिळायचं नाही, आणि रशियात जुन्या सैनिकांना विचाराल तर मोठमोठ्या ऑर्डरपेक्षा त्यांना 'ओत्वागा'चाच अभिमान जास्त. तर तुमचा पहिला प्रश्न, 'सुनेचे पणजोबा खरंच लढले की नुसतं घरातल्यांनी सांगितलंय', याचं उत्तर त्या डब्यातच आहे. लढले.

बाकीचे दोन प्रश्न, म्हणजे ज्यू असून एका कागदावर 'रशियन' का लिहिलंय आणि मुळात सोव्हिएत सैन्यात ज्यू होते तरी किती, याचं उत्तर जरा लांबेल. मी रशियन शिकलो पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, आणि गेली वीसेक वर्षं हेच करतो, लोकांच्या आजोबा-पणजोबांचे लष्करी कागद वाचून अनुवाद करून देणं. त्यातले निम्मे तरी इस्राएलमधले असतात.

आकडे पटकन सांगून टाकतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात साधारण ५ लाख ज्यू होते. अधिकृत सोव्हिएत हिशोबाप्रमाणे त्यातले १ लाख ४२ हजार ५०० मेले, काही अभ्यासक याहून बरंच जास्त धरतात. म्हणजे शंभरातले अठ्ठावीस-एक. पूर्ण सैन्याचा हिशोब घेतला, ३ कोटी ४५ लाख माणसं गणवेशात गेली आणि ८६ लाख ६८ हजार परत आली नाहीत, तर ते शंभरातले पंचवीस होतात. ही तुलना मी मुद्दाम करतो कारण युद्ध चालू असतानाच तिकडे एक टोमणा फिरायचा, की 'इव्हान खंदकात लढतोय आणि अब्राम दुकानात विकतोय', आणि ज्यूंची आघाडी म्हणे ताश्कंदची, म्हणजे उझबेकिस्तानात, लढाईपासून हजारो किलोमीटर लांब. ताश्कंदला ज्यू कुटुंबं गेलीच होती, बायका मुलं म्हातारे, कारण जर्मनांच्या तावडीत सापडले असते तर गोळ्या खाऊन सामूहिक खड्ड्यात गेले असते. पण त्यांचे पुरुष कुठे होते हे कोणी विचारायचं नाही. पुढे १९६० च्या दशकात शौर्यपदकं मोजली तेव्हा ज्यूंना मिळालेली १ लाख ६० हजारांच्या वर निघाली, आणि रशियन, युक्रेनियन, बेलारुशियन, तातार यांच्यानंतर पाचवा नंबर लागला. लोकसंख्येत ते इतके वर नव्हते, त्यात निम्मेअधिक तर जर्मनांच्या ताब्यातल्या भागात अडकलेले, त्यांना भरती व्हायला जिवंतच ठेवलं नव्हतं.

हे सगळं मोजता कसं आलं? तर सोव्हिएत कागदांवर 'राष्ट्रीयत्व' नावाचा रकाना असायचा. नागरिकत्व वेगळं आणि हे वेगळं बरं का. सगळे सोव्हिएत नागरिकच, पण रकान्यात रशियन, उझबेक, आर्मेनियन, ज्यू असं जे काय असेल ते. धर्म पाळा न पाळा, सिनॅगॉग बघितलेलंही नसो, तिथे 'येव्रेय', म्हणजे ज्यू, लिहिलं की झालं. नोकरीच्या फॉर्मात हा रकाना पाचवा असायचा म्हणून रशियनमध्ये 'पाचवा रकाना' म्हटलं की आजही लोकांना काय ते कळतं. माझं सगळं काम या रकान्याभोवती फिरतं आणि तुम्हालाही पहिली गोष्ट हीच सांगतो, की या रकान्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. तिथे 'ज्यू' लिहिलं असेल तर माणूस ज्यू असणार. 'रशियन' किंवा 'युक्रेनियन' असेल तर त्याचा अर्थ काहीही असू शकतो.

का, ते कळायला १९४१ मध्ये जावं लागेल. २२ जूनला हल्ला झाला, आणि पहिल्या काही महिन्यांत जर्मनांनी अख्खीच्या अख्खी सैन्यं वेढून लाखोंनी कैदी धरले. १७ जुलैला हायड्रिखचा, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेतल्या सुरक्षा-पोलिसांच्या प्रमुखाचा, हुकूम निघाला की कैद्यांच्या छावण्यांतून कमिसार (सैन्यातले पक्षाचे राजकीय अधिकारी) आणि सगळे ज्यू वेगळे काढायचे. वेगळे काढायचे म्हणजे मारायचे. मग ओळखायचे कसे तर रांगेत उभं करून पँट उतरवायला लावायची, सुंता बघायची. (याच्यात मुसलमान सैनिकही, तातार, उझबेक, ज्यू समजून मारले गेले, इतके की शेवटी जर्मनांनाच खुलासा काढावा लागला.) नाहीतर 'कुकुरूझा' म्हणायला लावायचं, मक्याला रशियन शब्द, यिद्दिश (तिकडच्या ज्यूंची घरची भाषा) बोलणाऱ्याच्या तोंडात त्यातला 'र' घशातून येतो. आणि कधी बाजूचाच कैदी बोट दाखवायचा. ज्यू युद्धकैदी साधारण ८० हजार धरतात, त्यातले वाचलेले फारच थोडे.

आता तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? वेढ्यातून बाहेर पडताना कागद फाडून टाकायचे, पुढच्या युनिटला जाऊन मिळालं की नाव सांगायचं इव्हानोव्ह, राष्ट्रीयत्व रशियन. कोण तपासणार होतं, त्या गोंधळात कारकून सांगेल ते लिहून घ्यायचा. एकदा लिहिलं गेलं की तेच पुढे हॉस्पिटलच्या कार्डावर, तेच मेडलच्या हुकमात. माझ्याकडे असंही एक कुटुंब आलं होतं जिथे दोन सख्खे भाऊ, एक कागदावर ज्यू, दुसरा युक्रेनियन, आणि घरच्यांना वाटायचं मी चुकीच्या माणसाचा कागद काढला. बरोबरच होता, आईचा पत्ता दोन्हीकडे एकच.

ताई, तुम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, त्यामुळे नावाची गंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको. शमुवेलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, यहेज्केलचा हसाजी आणि आडनाव गावावरून दिवेकर, पेणकर. तिकडेही तेच, हिरशचा ग्रिगोरी, बोरुखचा बोरिस, खाइमचा येफिम, लेइबचा लेव्ह, मोइशेचा मिखाइल. म्हणून तुमच्या सुनेची आजी म्हणते 'हिरश' आणि कागद म्हणतो 'ग्रिगोरी', यात घोळ काही नाही. बापाचं नाव मात्र सहसा बदललेलं नसतं, अब्रामोविच (अब्रामचा मुलगा), मोइसेयेविच, सोलोमोनोविच, आणि रकान्यात काहीही असलं तरी मी आधी तिकडे बघतो.

आणि आता सामाजी दिवेकरांचं नाव निघालंच आहे तर, मुंबईत १७९६ चं सिनॅगॉग बांधणारे ते, टिपूच्या कैदेत सापडले होते आणि ज्यू आहेत हे कळल्यावर जीव वाचला अशी आख्यायिका तुमच्याकडे सांगतात. हे मी एकदा एका रशियन ज्यू म्हाताऱ्याला सांगितलं, जो स्वतः वेढ्यातून निसटलेला, तर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला 'परत सांग'. मी परत सांगितलं.

कैदेतून वाचलेल्यातलं सगळ्यात मोठं नाव अलेक्सांद्र पेचेर्स्की. रोस्तोव्हचा, लेफ्टनंट, ऑक्टोबर १९४१ मध्ये व्याझ्माजवळ पकडला गेला, पुढे वैद्यकीय तपासणीत ज्यू असल्याचं उघड झालं, मग मिन्स्कची कामाची छावणी, आणि सप्टेंबर १९४३ मध्ये रवानगी थेट पोलंडमधल्या सोबिबोर छावणीला, जिथे गाडीतून उतरवलं की बहुतेकांना सरळ गॅस. तिथल्या पोलिश ज्यू कैद्यांकडे बंडाची कल्पना होती, या आलेल्या सैनिकांकडे लढायचं शिक्षण होतं. तीन आठवडे लागले फक्त. १४ ऑक्टोबरला एसएसवाल्यांना एकेकट्याला नवीन कपडे, बूट मापून बघायच्या निमित्ताने वर्कशॉपमध्ये बोलावून कुऱ्हाडीने मारलं आणि मग कुंपण तोडून पळाले, तीनशेच्या आसपास. हा माणूस पुढे पार्टिझनांबरोबर, म्हणजे गनिमी तुकड्यांबरोबर, लढला, मग सैन्यात परत आला तर आधी चौकशी, कारण कैदेत होता ना, आणि शिक्षेसारख्याच एका हल्ला बटालियनमध्ये टाकला. जिवंत होता तोवर त्या बंडासाठी त्याला देशाने काही दिलं नाही. १९९० मध्ये गेला, आणि रशियाने पदक दिलं २०१६ मध्ये.

मोठी नावं खूप आहेत, सगळी लिहीत बसत नाही, 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च किताब मिळालेले ज्यूच दीडशेच्या आसपास. जनरल याकोव्ह क्रेयझर, जुलै १९४१ मध्ये सगळे मागे पळत असताना बोरिसोव्हजवळ ज्याच्या डिव्हिजनने जर्मन रणगाडे काही दिवस अडवून धरले. त्सेझर कुनिकोव्ह, युद्धाआधी इंजिनियर आणि वर्तमानपत्राचा संपादक, ४ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नोव्होरोसिस्कजवळ पावणेतीनशेच्या आसपास माणसं घेऊन किनाऱ्यावर उतरला, पाय रोवले आणि दहा दिवसांत जखमांनी गेला. पोलिना गेलमन, बायकांच्या रात्रीच्या बॉम्बर रेजिमेंटमधली नॅव्हिगेटर, लाकूड-कापडाच्या पीओ-२ विमानात ८६० उड्डाणं. दाविद द्रागुन्स्की, रणगाडा ब्रिगेडचा कमांडर, दोनदा वीर, आणि आईवडील, बहिणी जर्मनांनी मारलेले. हाच द्रागुन्स्की १९८३ मध्ये सरकारने काढलेल्या झिओनिस्ट-विरोधी, म्हणजे इस्राएलच्या समर्थकांविरुद्धच्या, समितीचा अध्यक्ष झाला, इस्राएलमध्ये त्याचं नाव काढलं तर म्हातारे अजून तोंड वाकडं करतात. मी कोणाची बाजू घेत नाही पण मला तो माणूस या सगळ्यांपेक्षा जास्त समजून घ्यावासा वाटतो.

इतके ज्यू अधिकारी कसे, असंही लोक विचारतात. साधं आहे, झारच्या सैन्यात ज्यूला अधिकारी होता यायचं नाही, १९१७ नंतर ते दार उघडलं आणि शिकलेली शहरी पोरं धडाधड लष्करी शाळांत गेली. शिकलेली असल्यामुळे मग तोफखाना, सिग्नल, इंजिनियर, डॉक्टर यात जास्त दिसतात. आणि दुभाषे! यिद्दिश ही जर्मनच्या इतकी जवळ की आजीशी यिद्दिश बोलणाऱ्या पोराला कमांडर सरळ कैद्यासमोर बसवायचा.

येलेना कागान ही अशीच दुभाषी, यिद्दिशवरून नाही, शिकून घेतलेल्या जर्मनवरून, पुढे तिने र्झेव्हच्या लढाईवरून र्झेव्स्काया हे नाव घेतलं. मे १९४५, बर्लिन. हिटलरचं जळालेलं प्रेत सापडलंय, ओळख पटवायचा एकच मार्ग म्हणजे दात, आणि तो जबडा अत्तराची बाटली किंवा स्वस्तातला दागिना ठेवतात तसल्या गडद लाल डबीत घालून तिच्या हातात दिला, कारण तिजोरी नव्हती आणि पुरुष अधिकारी विजयाच्या आनंदात पिऊन काय करतील याचा नेम नव्हता. ८ मेची रात्र, बाहेर सगळे पितायत, ही ती डबी काखेत धरून एका हाताने दुसऱ्यांना वाइन ओततीय. एका ज्यू मुलीच्या काखेत हिटलरचे दात. आणि हे तिला वीसेक वर्षं कुणाला सांगता आलं नाही, स्टालिनला ते गुप्त ठेवायचं होतं.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, १६ वी लिथुआनियन डिव्हिजन. लिथुआनिया जर्मनांनी आठवड्याभरात घेतला, जे थोडे लोक रशियात पळून पोचले त्यांच्यातून १९४१ च्या डिसेंबरात गोर्की भागात ही उभी करायला घेतली. पळणाऱ्यांत ज्यू भरपूर, त्यामुळे सुरुवातीला तिसरा हिस्सा तरी ज्यू, आणि काही तुकड्यांत हुकूम यिद्दिशमध्ये द्यायचे, कारण अर्ध्यांना रशियन येतच नव्हतं. त्यांच्यातच जोक होता, 'हिला १६ वी लिथुआनियन का म्हणतात? हिच्यात सोळा लिथुआनियन आहेत म्हणून.' फेब्रुवारी १९४३ मध्ये हिला ओर्योलच्या दक्षिणेला अलेक्सेयेव्का गावाजवळ हल्ल्यावर पाठवलं, कंबरभर बर्फातून चालत आणलेली उपाशी दमलेली माणसं, तोफा मागे अडकलेल्या. उघड्या मैदानावर पांढऱ्या बर्फात करडे कोट. पुढचं सांगायला नको. त्या काही दिवसांचे कागद मी एका कुटुंबासाठी वाचले होते, मृतांच्या यादीत पानामागून पान, जन्मगाव कौनास, विल्नियस, शौल्याय, आणि नातेवाइकाच्या रकान्यात एकच वाक्य, 'जर्मनव्याप्त प्रदेशात'. म्हणजे बातमी कळवायची कोणाला, तर कोणाला नाही, कारण घरी तोवर कोणी उरलंच नव्हतं. याच डिव्हिजनचे चार ज्यू पुढे 'वीर' झाले.

युद्धानंतरचं थोडक्यात. परत आले तर घरात दुसरेच राहतायत, भांडी पण शेजाऱ्यांकडे. आई-बहिणींच्या खड्ड्यावर दगड लावला तर त्यावर 'शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक', ज्यू शब्द नाही. १२-१३ जानेवारी १९४८ च्या रात्री नटवर्य मिखोएल्सना मिन्स्कमध्ये मारलं आणि अपघात दाखवला, युद्धात याच माणसाने ज्यू फॅसिस्टविरोधी समितीतर्फे अमेरिकेत फिरून सोव्हिएत सैन्यासाठी पैसे गोळा केले होते. त्याच समितीच्या खटल्यात १२ ऑगस्ट १९५२ ला तेरा जणांना गोळ्या घातल्या, आणि १९५३ ला डॉक्टरांचं बनावट कारस्थान, म्हणजे बहुतेक ज्यू डॉक्टरांवर नेत्यांना मारायच्या कटाचा खोटा आरोप. बर्लिनमध्ये राइशटागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, लाल झेंडा लावतानाचा तो जगप्रसिद्ध फोटो काढणारा येवगेनी खाल्देय, वडील आणि बहिणी गमावलेला, १९४८ मध्ये त्याची वृत्तसंस्थेतली नोकरी गेली. म्हणजे शौर्य मोजायला जो रकाना कामी आला तोच आता नोकरीवरून काढायला कामी आला. म्हणून 'रशियन' लिहिण्याचं दुसरं कारण हे, युद्धातली भीती संपली आणि ही सुरू झाली. तुमच्याकडचा 'रशियन' लिहिलेला कागद फोटोवरून मला १९४९-५० च्या सुमाराचा नोकरीचा फॉर्म वाटतोय, लष्करी नाही. तेव्हा मला ह्या दुसऱ्या कारणाचीच शंका जास्त आहे.

आता शोधायचं कसं. सगळं मूळ दप्तर मॉस्कोजवळ पोदोल्स्कला आहे, रशियन संरक्षण खात्याचं मध्यवर्ती अभिलेखागार. त्यातलं लाखोंनी स्कॅन करून नेटवर टाकलंय, मेलेले-बेपत्ता 'मेमोरियल'वर, पदकांचे हुकूम 'पोद्विग नारोदा'वर, आणि दोन्ही एकत्र 'पाम्यात नारोदा'वर. बाहेरच्या देशातून हल्ली या साइट कधी उघडतात कधी नाही, एकदा न उघडलं म्हणून सोडू नका. शोधताना आडनाव रशियन लिपीत टाका आणि दोन-तीन स्पेलिंग करून बघा, रशियनमध्ये 'ह' नाही, त्यामुळे हिरश हा गिरश नाहीतर गेर्श होतो. सुनेचे पणजोबा घरी परत आलेत, त्यामुळे मेमोरियलवर नसतील असं धरू नका हं, कितीतरी जिवंत माणसं 'बेपत्ता' म्हणून नोंदलीत आणि ती नोंद कोणी पुसलीच नाही.

'ओत्वागा' मेडल १९४२ च्या शेवटापासून रेजिमेंटचा कमांडरच देऊ शकायचा, म्हणून त्याचा वेगळा मोठा फॉर्म बऱ्याचदा नसतो. एका हुकमात दहा-पंधरा जणं आणि प्रत्येकाला दोन-तीन ओळी. टाइप केलेलं, कार्बन पसरलेला, कधी मागच्या पानाची शाई पुढे आलेली. ओळी अशा असतात: अमुक गावाजवळ गोळीबार चालू असताना तीनदा तुटलेली टेलिफोनची तार जोडली, आणि शेवटी जन्मसाल, 'ज्यू', पक्षाचा सभासद नाही, अमुक कार्यालयातून भरती. बस. पण त्या कुटुंबाला ती ओळ वाचून दाखवताना फोनवर पलीकडे आवाज बदलतो ते मी वीस वर्षं ऐकतोय. आणि तिथे युद्धातला रकाना बघायला मिळेल, त्याच्यात 'ज्यू' असलं तर नोकरीच्या फॉर्मवरचं 'रशियन' नंतरचं हे नक्की.

याद वाशेमनेही, म्हणजे जेरुसलेममधल्या ज्यू नरसंहाराच्या स्मारकाने, सोव्हिएत सैन्यातल्या ज्यूंवर वेगळं काम केलंय, तिकडे एक फेरी मारा, तुम्हाला ते जवळही पडेल.

तर मला एवढं पाठवा. 'ओत्वागा' मेडलची मागची बाजू, त्यावर नंबर कोरलेला असेल, नाण्यासारखी तिरकी धरून खिडकीच्या उजेडात फोटो काढा, घासूनपुसून चकचकीत करू नका प्लीज, लोक ब्रासोने घासतात आणि नंबर जातो. दुसरं, सुनेच्या आजीला गावाचं नाव विचारा, पण आजचं युक्रेनियन नाव नको, घरात यिद्दिशमध्ये काय म्हणायचे ते. तिसरं, पणजोबांच्या वडिलांचं नाव. आजी नव्वदीच्या पुढच्या आहेत म्हणालात, तर हे फोनवर न विचारता या शनिवारीच जाऊन विचारा.